कुंडीला पाणी कोण घालतं

झाड मेलं की माणसं खोटं बोलतात, असं आमच्या सिस्टर म्हणायच्या. "आख्खी नोकरी दवाखान्यात गेली माझी. दारुडा पन शेवटाला खरं सांगतो. रोज घेत होतो सिस्टर, म्हनतो. पन जिची कुंडी मेली ती बाई कदी खरं सांगनार नाय. रोज पानी घालत होते वो, म्हनेल. अगं बये, रोज बादलीभर घातलंस म्हनून तर मेलं ते."

गायकवाड सिस्टर म्हणजे आमच्या खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या बिल्डिंगमधल्या पहिल्या मजल्यावरच्या. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. मी बरोबर त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्याला. सिस्टर म्हणजे ठेंगणी, रुंद बांध्याची बाई, चष्म्याला काळी दोरी. चालताना पायांचा आवाज नाही, ती वॉर्डातली सवय. तोंडाचा आवाज मात्र असा की खाली हायवेवर थांबलेल्या ट्रकवाल्याला वाटावं, आपल्यालाच बोलतायत. दवाखान्यात कदाचित शुद्ध बोलत असतील. बिल्डिंगमध्ये त्यांची कर्जतकडची माहेरची बोली चालायची आणि ती बदलायची त्यांना काही गरज वाटली नाही.

रिटायर झाल्यावर बायका भिशी लावतात, सहलीला जातात. सिस्टर मेलेल्या कुंड्या बघायच्या. कुणाचं झाड पिवळं पडलं, कळ्या टाकायला लागलं, उभ्या उभ्या वाळलं, की कुंडी उचलून यांच्या दारात. सकाळी बुद्धवंदना आटोपली की त्या दारातच पेपर पसरून बसायच्या. "काय केस हाय?" कुंडी आडवी करायची, बुडाला चापट्या मारायच्या आणि झाड मुळासकट बाहेर. पानांकडे बघायच्याच नाहीत. मुळाचा तंतू बोटात धरून ओढायचा. साल सुटून हातात आली की कुजलंय. पांढरं, कडक, चुरचुरणारं असलं की तहानेनं गेलं. मग माती नाकाशी. मग चौकशी. पानी कोन घालतं? कदी घालतं? कशानं घालतं? भांडं दाखव. भांडं बघितल्याशिवाय पुढे सरकत नसत. "तांब्याभर म्हनते आनि घरात तांब्या हाय कळशीयेवढा." शेवटी कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या आणि मगच निकाल सांगायच्या.

कुणी नजर लागली म्हटलं की संपलंच. एका बाईने गुलाबाच्या कुंडीला लिंबू-मिरची बांधली होती. सिस्टरनी ती सोडली, मिरच्या तिच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "ह्या आमटीत टाक. आनि कुंडीला खाली भोक पाड, दिवाळीला रंग मारताना बुजवलंयस." स्वतःच्या घरी तुळस नव्हती, पण बिल्डिंगमधल्या एकूण एक तुळशी त्यांना तोंडपाठ. तिसऱ्या मजल्यावर एका सासू-सुनेचं बोलणं बंद होतं. दोघी आंघोळ करून आपापला तांब्या तुळशीत रिकामा करायच्या. तुळस सडली. सिस्टरनी दोघींना एकत्र उभं केलं आणि म्हणाल्या, "बोलायचं नसंल तर नका बोलू, पन पानी घातलं येवढं तरी सांगत जा एकमेकीला." तेवढं त्या सांगायला लागल्या म्हणतात. पुढचं बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही.

सगळं त्यांचं बरोबरच असायचं असंही नाही हं. एकदा मनी प्लँटला कीड आहे म्हणून इतकं साबणाचं पाणी मारायला लावलं की तो आठवड्याभरात गेला. "ते मरनारच होतं," म्हणाल्या. चूक झाली असं त्या कधी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझी त्यांची खरी ओळख माझा नवरा गेल्यावर झाली. तो गेला तो सरळ गेला. सकाळी चहा मागितला, मी गाळून आणेपर्यंत नव्हता. मग लोक आले. रड गं, मोकळी हो, म्हणाले. मला रडू येईना. खोटं कशाला सांगू, मला काहीच येईना. जेवत होते, झोपत होते, शाळेच्या ऑफिसातली नोकरी होती ती सोडून दिली होती, आणि दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसत होते. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो पण आपला वाटत नाही, तशी सगळीच्या सगळी झाले होते.

सिस्टर आल्या त्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन. बसल्या. इतरांसारखं कसं झालं, काय झालं विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, माझ्या मागे गॅलरीत होतं.

"ही जास्वंद कदीपासनं अशी हाय?"

"माहीत नाही."

"पानी कोन घालतं?"

"हे घालायचे," मी म्हटलं. "ते गेल्यापासून कोणी नाही. मी घातलं नाही."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "खरं बोललीस. पैलीच बाई तू." उठल्या, जास्वंदीच्या खोडावर नखाने ओरखडा काढला, आत हिरवं होतं. "वरनं वाळलंय, आतनं हाय अजून." मला वाटलं, आता ही बाई माझ्याबद्दल काहीतरी बोधपर बोलणार. पण नाही. त्या जास्वंदीबद्दलच बोलत होत्या. कात्री मागितली, झाड बुंध्यापासून वीतभर ठेवून छाटलं, आख्खी कुंडी बादलीत बुडवून ठेवली आणि भाकऱ्यांचा डबा रिकामा करून मागितला. गेल्या. इतक्या माणसांत त्या एकट्यांनी मला उत्तर देता येईल असं काहीतरी विचारलं होतं.

त्यांचा स्वभाव मऊ नव्हता. आमच्याकडे एक पाटील आहेत, खालापूरकडचे. त्यांची शेती गेली. थोडी रस्त्यात, उरलेली भावाभावांनी विकली. शेवटचे गावाला गेले तेव्हा शेतातली माती पोत्यांत भरून टेंपोने आणली आणि कुंड्या भरल्या. लिंबू लावलं. लिंबू काही केल्या धरेना. पाटलांनी कुंडी सिस्टरच्या दारात आणली. त्यांनी झाड उपसलं तर मातीचा अख्खा ठोकळा बाहेर आला, वीट असावी तसा.

"ही भाताची माती हाय," सिस्टर म्हणाल्या.

"माझ्या बापाच्या शेताची हाय."

"आसंल. बाप चांगला होता, माती पन चांगली हाय. भाताला. भात पान्यात पाय बुडवून उभं राहतं, पाटील. लिंबाचा जीव गुदमरतो त्याच्यात."

पाटलांनी ठोकळा उचलून छातीशी धरला आणि जिने चढून निघून गेले. मग कित्येक दिवस ते सिस्टर समोरून आल्या की मोबाईल काढून बघत उभे राहायचे. पुढे एके दिवशी सिस्टर आपण होऊन त्यांच्याकडे गेल्या. माफी वगैरे नाही. एका पिशवीत रेती, भाताचं तूस आणि शेणखत. "अर्दी माती तुमच्या बापाची, अर्दं हे. चालंल का?" पाटलांनी दार उघडं ठेवलं, म्हणजे चाललं. ते लिंबू अजून आहे.

आणि एक पावसातली गोष्ट. आषाढात इथे घाटाखाली पाऊस लागला की दिवसचे दिवस हलत नाही. कपड्यांना वास येतो, भिंतीवर बुरशी चढते. त्या पावसात झाडं सडू नयेत म्हणून आम्ही सगळेच ग्रिलवर प्लॅस्टिकचा पत्रा टाकतो आणि कुंड्या भिंतीशी ओढून घेतो. एका वर्षी बिल्डिंगभर झाडं माना टाकायला लागली. सगळे म्हणाले, पावसाने गेली. सिस्टरनी एकेका घरी जाऊन मातीत बोट खुपसलं. कोरडी ठक्क. पत्र्याखाली थेंब पोचत नव्हता आणि पावसात झाडाला पाणी कोण घालतं? बाहेर नाला रस्त्यावर आलेला आणि आत झाडं तहानेने मेलेली. मला वाटलं, आता त्या सगळ्यांना फाडून खाणार. पण त्या माझ्या गॅलरीत बोटाची माती झटकत उभ्या राहिल्या.

"भरल्या वॉर्डात असंच व्हायचं," म्हणाल्या. "खाटेभोवती धा मान्सं. पेशंटच्या ओठाला चिरा पडलेल्या. विचारलं तर सगळ्यांना वाटतंय, दुसऱ्यानं पानी पाजलं."

आता दादांचं सांगायला हवं, कारण खरं म्हणजे हे सगळं दादांपाशीच येऊन थांबतं. दादा म्हणजे त्यांचे मिस्टर. उंच, सडसडीत, कमी बोलणारे. खोपोलीतल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करून रिटायर झालेले. पेपर वाचून झाला की घडी अशी घालायचे की पुन्हा विकता येईल. झाडांना त्यांनी जन्मात हात लावला नाही. एकदाच प्रसंग आला होता. मुलीच्या बाळंतपणाला सिस्टर नाशिकला गेल्या आणि जाताना दादांना बजावून गेल्या, झाडांना पानी घाला. दादा विसरले. सिस्टर परत आल्या तर गॅलरीत नुसत्या काड्या. तेव्हा त्या जे बोलल्या ते पार हायवेपर्यंत ऐकू गेलं. "येवढं एक काम सांगितलं होतं तुमाला." दादा मान खाली घालून उभे. पुढे कित्येक वर्षं बिल्डिंगमध्ये कुणी काही विसरलं की लोक म्हणायचे, झाला बघा गायकवाडदादा. दादाही हसायचे.

मी घरी बसायला लागले त्या सुमाराला त्यांची मुलगी प्रज्ञा रोज फोन करायची. सिस्टर गॅलरीत फोन स्पीकरला ठेवून ग्रिल पुसत बोलायच्या, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. चोरून ऐकायचा प्रश्नच नव्हता.

"आई, तुम्ही दोघं इकडे या. बाबा विसरायला लागलेत."

"विसरत नायत. ऐकू कमी येतं त्यांना."

"तू दुपारी त्या डॉक्टरांच्या क्लिनिकला जातेस, तेव्हा ते एकटेच असतात."

"मग काय झालं? ठनठनीत हायेत."

मला मात्र एकदा जिन्यात म्हणाल्या होत्या. "सुनंदा, म्हातारं मानूस घरातनं हलवलं की संपतं गं. मी बघितलंय. हितं त्यांना अंधारात पन मोरी कुठं हाय ते कळतं. नाशकात कोन सांगनार?" म्हणजे प्रश्न एवढाच होता. दादा दुपारी एकटे राहू शकले तर त्या दोघांना आपल्या घरात राहता येणार होतं, नाहीतर नाही. आणि सिस्टरनी ठरवलं होतं की राहू शकतात.

त्याच सुमाराला दादा मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "साहेब आले का ड्युटीवरनं?" साहेब म्हणजे माझा नवरा. त्याच्या अंत्ययात्रेत दादांनी खांदा दिला होता. मी म्हटलं, "नाही अजून." दादा म्हणाले, "येतील, शिफ्ट लांबली आसंल," आणि खाली उतरले. हे मी सिस्टरना सांगितलं नाही. खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

गणपती झाले, पाऊस उघडला आणि सिस्टरची झाडं जायला लागली. आधी ओवा. मग लिली. मग त्यांचा अनंत, ज्याच्यावर त्यांचा फार जीव, त्याने एकेक करून सगळ्या कळ्या टाकल्या आणि खालून पिवळा पडत वर गेला. सिस्टरनी कुंड्या आडव्या केल्या. सगळ्यांची मुळं कुजलेली. बोट लावलं की साल सुटतेय, मातीला आंबूस वास.

त्यांच्या घरात कुजणार कसं? भोकं मोकळी. माती त्यांनी स्वतः कालवलेली. पाणी त्या सकाळी एकदाच घालायच्या, एका ठरलेल्या स्टीलच्या पेल्याने. म्हणजे जास्तीचं पाणी कुठून तरी येत होतं. त्यांनी चार दिवस विचार केला आणि वर बघितलं.

"सुनंदा, दुपारची गॅलरी धुतेस का गं?"

"नाही हो."

"सोडा टाकून धूत असशील. थेंब पडतात खाली."

"सिस्टर, मी महिनाभर केर काढला नाहीये. गॅलरी कुठली धुतेय?"

पटलं नाही. त्यांनी ग्रिलवर ताट ठेवलं, माझ्याकडून गळणारं पाणी धरायला. ताट संध्याकाळी कोरडं. तरी त्या माझ्याशी बोलेनात. जिन्यात भेटलो की भिंतीकडे बघायच्या. इतरांचं खोटं चुटकीसरशी पकडणारी बाई, पण आपल्या कुंड्यांपुढे तिला काही सुधरत नव्हतं. लोक म्हणायला लागले, सिस्टरची झाडं मरतात म्हणजे हवाच वाईट, कारखान्यांचा धूर. सिस्टर म्हणाल्या, धुराने मूळ कुजत नाय.

शेवटी मलाच कंटाळा आला. त्या खाली अनंताच्या काड्या मोडत होत्या, मी वरून वाकून म्हटलं, "सिस्टर, दादा घालतात ना दुपारी पाणी. त्यात जास्त होत असेल."

त्यांनी मान वर केली. "कोन घालतं?"

"दादा. रोज. मी बघते ना बसल्या बसल्या." मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. नवरा बायकोच्या झाडांना पाणी घालतो, घालू दे.

त्या आत गेल्या. दादांना विचारलेलं मला ऐकू आलं. दादा म्हणाले, "मी नाय. मी कशाला हात लावू?" स्वच्छ आवाजात, जराही न अडखळता. सिस्टर परत बाहेर आल्या. "ते खोटं बोलत नायत," म्हणाल्या. "लग्न झाल्यापास्नं कदी बोलले नायत." मग माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी खोटं बोलतेय हे मलाच क्षणभर खरं वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर माझी बेल वाजली. क्लिनिकला जायची पर्स खांद्याला, पायात चपला. "तिकडं जात नाय आज. खुर्ची हाय का अजून एक?"

आम्ही दोघी गॅलरीत बसलो, पुढे वाकून, खालचं दिसेल अशा. हायवेवरचे ट्रक घाट चढायला गिअर बदलत होते. थोड्या वेळाने खालचं दार वाजलं. दादा आले. हातात मोरीतला प्लॅस्टिकचा मग. डाव्या बाजूने सुरुवात केली. पान बाजूला सारून, बुंध्याशी, मातीवर खळगा पडणार नाही असं हळू पाणी ओतत होते. एकेक कुंडी झाली, आत गेले. मी सिस्टरकडे बघितलं नाही. मग पुन्हा दार वाजलं. दादा भरलेला मग घेऊन आले आणि डाव्या बाजूने सुरुवात केली. ती कुंडी अजून ठिबकत होती.

तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ऐक."

मी ऐकलं. नळ बंद केल्याचा आवाज.

"नळ बंद करतात," त्या म्हणाल्या. "दर वेळेला. नीट बंद करतात." चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. "ग्यासला पन हात लावलेला नाय कदी."

दादा परत आले. सिस्टर उठल्या. त्या दवाखान्यातली बाई. असली माणसं त्यांनी किती बघितली असतील, त्यांच्या नातेवाइकांना काय काय सांगितलं असेल. दारात थांबून त्या चपला घालायला गेल्या, पण चपला पायातच होत्या, घालायच्या म्हणून उलट काढल्या गेल्या. पुन्हा घातल्या. मला वाईट वाटलं. साधं, नीट वाईट वाटलं. नवरा गेल्यापासून तसं काही मला झालं नव्हतं.

मी वरच उभी होते. खालचं बोलणं जसंच्या तसं ऐकू आलं.

"अवो, काय करताय?"

"पानी घालतोय."

"सकाळी घातलंय मी."

दादा थांबले. फार अदबीने त्यांच्याकडे बघितलं, आपण अनोळखी बाईकडे बघतो तसं. "नाय बाई. ती नाशिकला गेलीय, पोरीकडं. मला बजावून गेलीय. आली नि झाडं मेलेली बघितली तर लय बोलंल."

सिस्टरनी त्यांच्या हातातला कलता झालेला मग सरळ केला.

"नाय बोलनार," सिस्टर म्हणाल्या.

"तुमाला काय म्हाईत? तुमी वळखता तिला?"

"वळखते."

"मग सांगा तिला. इसरलो नाय म्हनावं."

"सांगते. घाला तुमी."

आणि दादांनी पाणी घातलं. त्या बाजूला उभ्या राहिल्या, हात पुढे बांधून, डॉक्टरांच्या राउंडला उभ्या राहत असतील तशा. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात वाटीभर वालाचं बिरडं ठेवलेलं होतं, म्हणजे माझ्यावरचा राग संपला होता.

क्लिनिक सुटलं. जी झाडं वाचण्यासारखी होती ती त्यांनी वाटून टाकली. कढीपत्ता पाटलांना, ब्रह्मी तिसऱ्या मजल्यावर, अनंत मला. अनंत जगला नाही, त्याला मुळंच उरली नव्हती. रिकाम्या कुंड्यांत त्यांनी खडी आणि जाडी रेती भरली, प्रत्येकीखाली ताटली ठेवली आणि मोरीतल्या नळाऐवजी गॅलरीतच एक छोटी बादली भरून ठेवली, दादांना आत-बाहेर करायला लागू नये म्हणून. दादा दुपारभर त्या कुंड्यांना पाणी घालायचे. एकदा त्यांनी विचारलं, "उगवलं नाय अजून?" सिस्टर म्हणाल्या, "उगवंल. दम धरा." नवीन राहायला आलेल्या एका बाईने जिन्यात मला विचारलं, खालच्या आजी-आजोबांचं काय हो, दगडांना पाणी घालतात? मी तिला म्हटलं, तुम्ही तुमचं बघा.

सिस्टरनी तसे काही महिने काढले. पण एका सकाळी दादा घराबाहेर पडले आणि हायवेच्या कडेला कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहिले, जी बस कधीच बंद झालीय. पाटलांनी हाताला धरून आणलं. त्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला तेव्हा सिस्टरनी तो स्पीकरला लावला नाही. आत जाऊन बोलल्या.

नाशिकला नेण्याच्या दिवशी टेंपो खाली उभा होता. घर रिकामं झालेलं, मुलीने नळाचा मेन कॉकही बंद केलेला. कपाट गेलं, खाट गेली. राहिल्या होत्या गॅलरीतल्या कुंड्या. मी वर माझ्या जागी उभी होते. निरोपाचं बोलणं जिन्यात झालं होतं, म्हणजे सिस्टर म्हणाल्या होत्या, "जेवत जा," आणि मी मान हलवली होती. खाली दादा प्रवासाचे कपडे घालून, डोक्याला टोपी, कुंड्यांना पाणी घालत होते.

"आई, टेंपोवाला हॉर्न देतोय," प्रज्ञा आतून म्हणाली. "आणि ह्या खडीच्या कुंड्या कशाला न्यायच्यात? जड आहेत."

"न्यायच्या हायेत."

"मग उचलू दे ना हमालांना."

"त्यांचं होऊ दे," सिस्टर म्हणाल्या.

दादांनी शेवटच्या कुंडीपर्यंत घातलं आणि परत डाव्या टोकाला आले. हातातला मग बादलीत घातला तो नुसता बुडाला खरवडला. बादली संपली होती. त्यांनी तो मग वर करून आत बघितलं, नंतर बादलीत बघितलं, नंतर सिस्टरकडे. सिस्टर गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या. पहिली कुंडी एका हाताने कलती केली, तिच्याखालची ताटली ओढून घेतली आणि साचलेलं पाणी बादलीत ओतलं. मग दुसरीची. मग पुढची. सगळ्या ताटल्या झाल्यावर बादली त्यांच्या उजव्या हाताशी सरकवली आणि तिथेच बसून राहिल्या. दादांनी मग भरून घेतला.